नंबर नसलेली गोदूआय

गोदूबाई आयुष्यात दोनच गोष्टींना भ्यायची. एक, पायाळू मूल. दुसरं, सरकारी टेबल. पायाळू मुलाला ती गोंजारून, चुचकारून आणि अधूनमधून त्याच्या बापाला चार शिव्या घालून बाहेर काढायची. टेबलापलीकडच्या माणसाशी यातलं काहीच करता येत नाही, म्हणून ती पनवेलच्या कचेऱ्यांवरून जाताना पदर घट्ट करून दुसऱ्या बाजूने जायची.

सुकापूरच्या पलीकडच्या वाडीत ती चाळीस वर्षं सुईण होती. सगळे तिला गोदूआय म्हणत. नवीन पनवेलच्या इमारती उठल्या तेव्हा लोकांना आपल्याच शेताचे बांध ओळखता येईनात, गोदूआय मात्र चालता चालता बोट दाखवायची, "त्या ब्यांकेच्या पायरीखाली धनेशची नाळ पुरलीय. त्याची आय भात झोडताना अडली व्हती." धनेश आता मिशा राखून होता आणि तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. पण गोदूआय समोर आली की तो मान खाली घालायचा. आपल्याला पायाला धरून उलटं टांगणाऱ्या बाईपुढे माणूस मिशीला पीळ तरी किती देणार?

सरकारने तिला पात्र करून घ्यायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. दहा वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात सुइणींचं प्रशिक्षण झालं होतं. सात दिवस बसायचं, शेवटी प्रमाणपत्र आणि कात्री-ब्लेडची पेटी मिळायची. पहिल्या दिवशी गोदूआय पहिल्या रांगेत बसली. हात कसे धुवावेत ते नर्सबाईंनी दाखवलं, तिला ते मनापासून पटलं आणि त्या दिवसापासून तिने साबण कधी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी 'अडलेल्या बाळंतिणीला कसं ओळखावं' हा धडा चालू असतानाच दारात माणूस आला: त्याची बायको अडली होती. गोदूआय उठली आणि गेली. बाई सुटली, पोरगा झाला, तिसऱ्या दिवशी हजेरीतून नाव कमी झालं. धडा शिकवणाऱ्यांना दाखला मिळाला, बसून ऐकणाऱ्यांना मिळाला. जिने तो करून दाखवला तिला मिळाला नाही.

तिचं त्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते शोभाचं, ब्याण्णव सालच्या जूनमध्ये.

शोभा ही बुधाजीची मुलगी. वाडीतली पहिली दहावी पास. तिला अलिबागला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. त्यासाठी सतरा वर्षं पुरी हवीत, आणि शाळेच्या दाखल्यावर ती सोळाची होती. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. वर्ष गेलं तर बुधाजी थांबणार नव्हता. जासईकडचं एक स्थळ त्याने हेरून ठेवलं होतं.

दोष होता काशिराम गुरुजींच्या पद्धतीचा. गुरुजींच्या रजिस्टरात सगळी वाडी एक जूनला जन्मली होती. वर्ष ठरवायला त्यांची एकच कसोटी: पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायचा. कान हाताला लागला की सहा वर्षांचा. शोभाचे हात आखूड. पहिल्या वर्षी कान लागलाच नाही. पुढच्या वर्षी लागला, तेव्हा गुरुजींनी तिला सहाची लिहून टाकली. कानाने पोरीचं एक वर्ष खाल्लं.

ग्रामपंचायतीत तिच्या जन्माची नोंदच नव्हती. आता कोर्टाचा हुकूम लागणार होता. गोदूआय तीन दिवस टेबलाच्या भीतीशी झगडली आणि बुधवारी सकाळी स्वतःच शोभाला म्हणाली, "चल गो. तुला मीच भायेर आनली, आता कागदावर पन मीच आनतंय."

कोर्टातले कारकून अवधूतराव चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. चष्म्यातून त्यांना फक्त कागद दिसत.

"प्रसूती कोणी केली?"

"मी."

"नोंदणी क्रमांक?"

"काय तो?"

"नंबर, आजी. डॉक्टर, परिचारिका, नाहीतर प्रशिक्षण घेतलेली सुईण. इथे व्याख्या छापलीय. पात्र व्यक्ती म्हणजे ही तीन माणसं."

"मंग मी कोन?"

अवधूतरावांनी बोट खाली सरकवलं. "चौथा रकाना. इतर."

"इतर म्हंजे?"

"म्हणजे शेजारीण, सासू, वाटेतली कोणीही."

गोदूआयने बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चाळीस वर्षं आपण कुठे राहत होतो ती जागा तरी कळली. शोभाचे डोळे भरून आले. त्यावर गोदूआय खेकसली, "रडतंस काय? जलमताना पन अशीच रडलीस, त्या दिवशी कोनी नंबर ईचारला काय?"

"त्या दिवशी म्हणजे कुठल्या?" अवधूतरावांनी नकळत विचारलं.

"काशिराम गुरुजींचा सत्यजीत झायला त्याच दिवशी. सकाळी तो, दुपारी ही. गुरुजींकडे लुगडं भेटला, बुधाजीकडे नुसता नारल. पोरगी झाली ना! इसरंन कशी?"

अवधूतराव पहिल्यांदाच चष्मा काढून बघू लागले.

शुक्रवारी सुनावणी झाली. गुरुजींनाही बोलावलं होतं. सत्यजीतच्या जन्माची नोंद मिळाली होती: ९ फेब्रुवारी १९७५, रविवार. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी जाऊन केलेली, वळणदार सहीसकट. मदतनीसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'इतर'.

न्यायाधीश आशालताबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. "सगळ्या वाडीला एक जून, आणि तुमच्या मुलाला नऊ फेब्रुवारी?"

गुरुजी खडूसारखे पांढरे झाले. "त्याच्या वेळी मी घरी होतो, बाई."

"आणि शोभाच्या वेळी?"

"तेव्हाही घरीच होतो." गुरुजींचा आवाज खाली आला. "गोदूबाई आमच्याकडे जेवायला बसल्या होत्या. बुधाजी दारात आला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि निघाल्या. पोरगी झाल्याचं मला संध्याकाळीच कळलं. पण शाळेत नाव घालताना मी तो दिवस आठवलाच नाही. कान बघितला."

अवधूतरावांनी नियमाचं पुस्तक पुढे सरकवलं. "साक्षीदार पात्र नाही, मॅडम. व्याख्येत बसत नाही."

आशालताबाईंनी ते वाचलं, नीट वाचलं. "बरोबर आहे. यांना बाळंतपणाचा दवाखाना काढायचा असता तर मी परवानगी दिली नसती. पण त्या इथे पाहिलेलं सांगायला आल्यात. पाहायला नोंदणी लागत नाही. जन्म नऊ फेब्रुवारीचाच धरा." मग गोदूआयकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, जबाबात व्यवसाय काय लिहायचा?"

"घरकाम लिहितो," अवधूतराव म्हणाले.

"सुईण लिहा," शोभा म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

अवधूतरावांनी बाईंकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: गोदूबाई जगन पाटील, सुईण. गोदूआयने त्याखाली अंगठा असा काही दाबला की त्याचा ठसा पुढच्या दोन पानांवर उमटला. बाहेर आल्यावर तिने शोभाकडून ती ओळ तीनदा वाचून घेतली.

शनिवारी अर्ज गेला आणि जुलैत शोभाचं नाव लागलं. तेव्हा बुधाजी एका संध्याकाळी गोदूआयच्या दारात उभा राहिला. काखेत नवं नऊवारी लुगडं. ते त्याने पुढे केलं.

"सतरा वरसांनी?" गोदूआय म्हणाली. "मला वाटला, वाट चुकलास."

पण निघायच्या दिवशी तेच लुगडं नेसून ती पनवेलच्या एसटी स्टँडवर आली. शोभा खिडकीशी बसली होती. गोदूआयने खिडकीतून तिचा आखूड हात धरला.

"नीट ऐक. तिथं शिकताना कोनी बोलवाया आला, तरी जागेवरशी उठू नको. कागद हातात पडल्याबगर हलाचा नाय. माझ्यासारखी येडी होऊ नको."

"नाय उठणार, आय."

घंटी वाजली, गाडी हलली. गोदूआय चार पावलं गाडीबरोबर चालली, आणि मग तिला राहवलं नाही.

"पन बाई अडली असंल," ती ओरडली, "त जा गो!"