बिल्टीभाऊचा पिक्चर

आवडलेला पिक्चर दुसऱ्यांदा पाहायला गेला की बिल्टीभाऊ पडद्याकडे पाहायचाच नाही. सोबत आणलेल्या माणसाच्या शेजारी अर्धवट वळून बसायचा आणि दोन-अडीच तास त्याचं तोंड न्याहाळायचा. हसायची जागा जवळ आली की याचेच ओठ आधी हलायचे. माणूस हसला की हा समाधानानं मान डोलवायचा. नाही हसला तर मध्यंतरात काळजीनं विचारायचा, "काहून गा, तब्येत बरी आहे ना?"

शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात तो बिल्ट्या लिहायचा. मालाबरोबर ट्रकमध्ये जाणारी पावती म्हणजे बिल्टी. वीस-बावीस वर्षं तेच काम केल्यामुळे त्याचं खरं नाव मालकही विसरले होते. मी त्याच गल्लीत राहायचो, सरकारी कार्यालयात कारकून होतो आणि संध्याकाळी नाटकं करायचो. स्पर्धेची नाटकं, हौशी मंडळींची. माझ्या घरी काचेच्या कपाटात पाच प्रशस्तिपत्रं होती, पाचही उत्तेजनार्थ. बिल्टीभाऊ मला 'कलाकार' म्हणायचा. त्यात टोमणा नव्हता, हे मला पटायला पुष्कळ वर्षं लागली.

खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा, आणि त्या पिक्चरच्या आधीपासून वाटायचा. चहाच्या टपरीवर तो एखाद्या पिक्चरची गोष्ट सांगायला लागला की लोक हातातला कप तसाच धरून उभे राहायचे. त्याला ना आवाजाची फेक, ना उच्चार शुद्ध. मधेच कथा विसरायचा, मागे जायचा, "नाही नाही, त्याच्या आधी ती रडते," म्हणायचा. तरी कोणी हलायचं नाही. मी तालमीत तीन-तीन महिने घासलेलं स्वगत म्हणायचो तेव्हा तिसऱ्या रांगेतला माणूस मोबाइल पाहत असायचा.

मग कळमेश्वरच्या रस्त्यावर त्या पिक्चरचं शूटिंग आलं. हायवेवर धरमकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, चालवणाऱ्या एका विधवेची गोष्ट होती. खोटं वजन लिहून द्यायला ती नकार देते, एवढीच. नाटकातल्या एका ओळखीनं मला गर्दीत उभं राहण्यासाठी बोलावलं. रविवार होता, बिल्टीभाऊनं मला मोटारसायकलवरून सोडलं आणि आता आलोच आहे तर पाहू म्हणून तोही थांबला.

ट्रान्सपोर्टच्या कारकुनाचं काम करणारा नट हातात बिल्टी घेऊन काट्याच्या खोलीत यायचा, तो प्रसंग चालू होता. दोनदा कागद वाऱ्यानं उडाला. तिसऱ्यांदा बिल्टीभाऊला राहवलं नाही. तो सरळ पुढे गेला आणि म्हणाला, "दादा, बिल्टी अशी नाही धरत. अंगठ्याखाली दाबा, मंग नाही उडत."

दिग्दर्शक एक सडपातळ बाई होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी त्याला करून दाखवायला सांगितलं. मग वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. वाक्य होतं, 'बाई, गाडी रिकामी आहे, तरी वजन जास्त येतंय.' बिल्टीभाऊ सहज म्हणाला, "बाई, गाडी खाली आहे, तरी वजन जास्त येऊन राहिलं." बाईंनी दोन क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि त्या नटाला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. दहा मिनिटांत बिल्टीभाऊला पावडर लावत होते.

तेवढ्यावर थांबला असता तर मी सोसलं असतं. पण तो खुर्चीतून उठून बाईंकडे गेला. "मॅडम, हे माझे दोस्त खरे कलाकार आहेत. वीस वर्षांपासून नाटकात काम करून राहिले. माह्याऐवजी यांना द्या ना." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोट आत घेतलं. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "ते मागे उभे छान दिसतात."

परतताना मी मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून वाडीपर्यंत एक शब्द बोललो नाही. तो मात्र वाटेत तीनदा म्हणाला, "तुह्यामुळे झालं गा कलाकार. तू नसता नेला तर मी कशाला गेलो असतो?"

पिक्चर तयार व्हायला वर्ष लागलं. या वर्षात गोदामात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक झालं की बिल्टीभाऊ पिक्चरमध्ये आहे. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मला एक फोन आला. दिग्दर्शक बाईंचा सहायक होता. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "तुमच्या मित्राचा प्रसंग एडिटिंगमध्ये गेला. लांबत होतं सगळं. मला त्यांना सांगवत नाही. तुम्ही सांगाल का?"

"सांगतो," मी म्हणालो. मग विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही आहात. तीन सेकंद."

त्या आठ दिवसांत मी बिल्टीभाऊला रोज भेटलो. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू, असं मी स्वतःला म्हणत होतो, पण सांगणार नाही हेही मला ठाऊक होतं. त्यानं गोदामातले हमाल, दोन ड्रायव्हर, घरमालक, टपरीवाला, अशा चाळीस जणांना पहिल्या रविवारी शहरात बर्डीवरच्या थिएटरात न्यायचं ठरवलं. आर्वीकडच्या गावाहून आईला आणलं. तिनं आयुष्यात थिएटर पाहिलं नव्हतं. तरीही मी गप्प राहिलो.

त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या मागच्या रांगेत बसलो. तो आईच्या शेजारी, पिक्चर पहिल्यांदाच पाहत असूनही तिच्याकडे अर्धवट वळलेला. धरमकाट्याचा प्रसंग आला तेव्हा कुठे तो पडद्याकडे सरळ होऊन बसला. ट्रक काट्यावर चढला, थांबला, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर त्या विधवेचं घर आलं.

"तू कवा येतं रे बाबू?" म्हातारीनं विचारलं.

"येतो आता, आई," तो म्हणाला.

मध्यंतरानंतर गर्दीचा प्रसंग आला. एका कडेला मी. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "अरे, ये तो अपने भाईसाब हैं." चाळीसच्या चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बिल्टीभाऊ उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि अंधारात मागे वळून मला शोधत होता. मी खुर्चीत खाली सरकलो. वीस वर्षांत मला अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या आणि त्या घेता येत नव्हत्या.

बाहेर आल्यावर जो तो आपापली गाडी शोधायला लागला. म्हातारी मात्र पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मले तू दिसलाच नाही रे. माहे डोळे गेले आता."

बिल्टीभाऊनं तिचा हात धरला. "लवकर निघून जातो मी, आई. पापणी लवली की गेलो." दुसऱ्या दिवशी तिच्या हट्टापायी तिला धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरांनी चष्मा दिला.

मला वाटलं होतं, आता हा त्या पिक्चरचं नाव घेणार नाही. मी त्याचीच वाट पाहत होतो, हेही कबूल करतो. चार दिवसांनी टपरीवर आलो तर तो त्याच पिक्चरची गोष्ट सांगत होता. "शेवटी ती बाई काट्यावर स्वतः उभी राहते," तो म्हणाला आणि थांबला. टपरीवाल्यानं तो पिक्चर त्याच्याच शेजारी बसून पाहिला होता, तरी त्याच्या किटलीतला चहा उतू गेला.

मग पुरस्कारांचा मोसम सुरू झाला. बिल्टीभाऊनं गोदामातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. कोणाची नामांकनं कधी, सोहळा कधी. एका पुरस्कारासाठी लोकांची मतं मोबाइलवरून घेत होते. ट्रक भरायला दोन-तीन तास लागतात. तेवढ्या वेळात बिल्टीभाऊ ड्रायव्हरला पोत्यावर बसवायचा, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळी गोष्ट सांगायचा आणि मग मत मागायचा. पंजाबच्या, तामिळनाडूच्या, कुठल्या कुठल्या ड्रायव्हरांनी न पाहिलेल्या मराठी पिक्चरला मतं दिली. एकदा मी दारातून पाहिलं. पगडी घातलेला एक आडदांड ड्रायव्हर गोष्ट संपल्यावर नुसता बसून होता. ट्रक केव्हाच भरून झाला होता. हमाल त्याला हाक मारत होते आणि त्याला ऐकू जात नव्हतं. मी तसाच घरी आलो. त्या संध्याकाळी तालमीला गेलो नाही.

लोकांच्या पसंतीचा पुरस्कार एका मोठ्या हिरोच्या पिक्चरला मिळाला. बिल्टीभाऊ दोन दिवस जेवला नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो पुढच्या पुरस्काराच्या तयारीला लागला. अभिनयाचा हुकला, दिग्दर्शनाचा हुकला. शेवटी दिल्लीचे पुरस्कार जाहीर झाले त्या दुपारी तो माझ्या कार्यालयातच आला, हातात संत्रा बर्फीचा डबा घेऊन. माझ्या टेबलापासून साहेबांच्या खोलीपर्यंत त्यानं सगळ्यांना बर्फी वाटली.

"मिळाला गा कलाकार. एडिटिंगचा मिळाला."

मी बर्फी हातात घेऊन म्हणालो, "तुला कळतंय का? ज्यानं तुला कापलं, त्याला मिळाला."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "मी सहा वेळा पाहिला ना. ट्रक काट्यावर चढते, अन् एकदम तिचं घर. तिथं मी आलो असतो तर ती एकटी आहे हे समजलंच नसतं. माह्यामुळं अडून राहिला असता पिक्चर. चांगला हात आहे त्या माणसाचा."

तो हे मनापासून बोलत होता. मला त्याचा इतका राग आला की ती बर्फी मी खणात टाकली. मी त्या पिक्चरमध्ये होतो आणि तो पिक्चर मला कधी आवडला की नाही हेच मला माहीत नव्हतं. तो त्यात नव्हता आणि पिक्चर सगळा त्याचा झाला होता.

त्या दिवाळीत त्याची आई गेली. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं रायपूरला नवीन गोदाम काढलं आणि बिल्टीभाऊला तिकडे पाठवायचं ठरवलं. सामान ट्रकमध्ये भरत होते तेव्हा मी त्याला टपरीवर घेऊन गेलो. का सांगितलं, ते आजही नीट कळत नाही. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला तो माणूस माझ्याविषयी चुकीची समजूत घेऊन जातोय, हे सहन झालं नाही, असं म्हणू. मी सहायकाच्या फोनचं सांगितलं. आठ दिवस आधी मला ठाऊक होतं, हेही सांगितलं.

बिल्टीभाऊनं तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"आठ दिवस?" त्यानं विचारलं.

"आठ."

"बाकीच्यांचं काही नाही गा. त्यांनी पिक्चर पाहिला, बरंच झालं. पण आईले मी बोलावलं नसतं." तो कपाकडे पाहत होता. "ती गावभर सांगे, पोरगा होता, माह्याच डोळ्यानं दगा दिला. मरेपर्यंत तेच समजत होती. मले तिले खरं सांगता आलं नाही."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. मग हमालानं हाक मारली म्हणून तो उठला आणि गेला. ट्रकमध्ये चढताना त्यानं मला हात केला नाही.

पाच-सहा महिने त्याचा फोन नव्हता. मी दोनदा केला, त्यानं उचलला नाही. या काळात वाडीला बरेच पिक्चर लागले. मी एकटाच जायचो आणि मध्यंतरात बाहेर आलो की काय करावं ते सुचायचं नाही. नाटकाच्या मंडळींबरोबर गेलो तर ते प्रकाशयोजनेवर बोलायचे. एकदा टपरीवर मीच एका पिक्चरची गोष्ट सांगायला घेतली. टपरीवाल्यानं अर्ध्यातच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा दिला.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. इकडची काही विचारपूस नाही, मागचा विषय नाही. "कलाकार, एक छत्तीसगढी पिक्चर आला आहे इकडं. छोटाच आहे. पुरस्कारासाठी गेला आहे. मिळते का नाही सांगता येत नाही, पण मिळाला पाहिजे," आणि तो गोष्ट सांगायला लागला. मी फोन कानाशी घट्ट धरून उभा होतो. तो मधेच थांबला, मागे गेला, पुढचं विसरला. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी त्याला हिंदीत ती जागा सांगितली आणि दोघंही हसले.

"हे आमचे साहूजी," तो म्हणाला. "काट्यावर असतात. चार वेळा दाखवला मी त्यांना. थांब, यांचंच ऐक, शेवट हे चांगला सांगतात." पण साहूजींना बोलायला संकोच वाटला असावा. ते फोनवर आले नाहीत, आणि तेवढ्यात एक गाडी आली म्हणून बिल्टीभाऊनं फोन ठेवला. शेवट सांगायचा राहिला.

मी त्याला उलट फोन केला नाही. खिडकीत उभा राहिलो. साहूजींना मी पाहिलेलं नाही, त्यांचं वय किती, घरी कोण कोण असतं, मला काही ठाऊक नाही. आयुष्यात मी नटांचा हेवा केला, बक्षिसं घेणाऱ्यांचा केला, बिल्टीभाऊचा तर सगळ्यांत जास्त केला. पण त्या संध्याकाळी रायपूरच्या कुठल्याशा गोदामात त्याच्या शेजारी बसलेल्या त्या अनोळखी माणसाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कोणाचाच वाटला नव्हता.