सगळे खाली बसा

शटर वर केल्यावर आत्या लगेच आत जायची नाही. आधी शोकेसची काच ओल्या फडक्याने, मग वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायची, आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची. हाताची घडी, मान किंचित तिरकी. एखाद्या चिकित्सक गिऱ्हाइकासारखी ती आपल्याच स्टुडिओकडे बघत राहायची आणि तिथूनच ओरडायची, "दादा, डावीकडची नवरी काढ. चेहरा दिसतच नाहीये, नुसते दागिने. सराफाचं दुकान वाटतंय!"

बाबा आतून म्हणायचे, "तूच काढलायस तो फोटो."

"म्हणून तर हक्काने सांगतेय."

स्टुडिओ दोघा भावंडांचा. बाबा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि व्यवहार बघायचे, फोटो आत्याचे. ती नवरीला कधी "हस" म्हणाली नाही. "जीभ टाळूला लाव आणि सासूकडे बघू नकोस," एवढंच सांगायची. मग जे हसू यायचं ते तिला हवं असायचं. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या साहेबांनाही ती कान दाखवायला लावायची, आणि साहेब निमूटपणे केस मागे सारायचे. लग्न, साखरपुडे, ओळखपत्रं ही सगळी कामं ती चोख करायची. पण जीव रविवारच्या दुपारीत होता.

रविवारी लग्न नसलं की स्टुडिओतली खुर्ची-स्टूल बाजूला व्हायची, जमिनीवर चादरी अंथरल्या जायच्या आणि मधोमध शिडी उभी राहायची. आत्या ठेंगणी आणि चांगलीच गोल. शिडीवर चढताना ती शिडीशीच बोलायची, "धर गं बाई." वर पोचली की छताला डोकं टेकेल इतक्या उंचीवरून खाली बघत फोटो काढायची. जमिनीवर आडवा झालेला माणूस वरून उभा दिसतो, तरंगताना दिसतो, कड्यावरून लोंबकळताना दिसतो. सगळं कापूस, पुठ्ठा आणि चादरी यांवर अवलंबून. येणाऱ्याला ती एकच विचारायची, "काय व्हायचं राहिलंय?" पोस्टमनला ढगात सायकल चालवायची होती. कचेरीतले बुटके हेडक्लार्क बराच वेळ लाजले आणि म्हणाले, "उंच." आत्याने बाहुल्यांचं कपाट आणि काडेपेट्यांचं टेबल करून त्यांना असं उंच केलं, की तो फोटो त्यांनी कचेरीत साहेबांच्या पाठीमागे लावला.

बाबांना हे पटायचं नाही. "लग्नं म्हणजे आपलं पोट," ते म्हणायचे. "तुझे रविवार म्हणजे नुसते ढेकर."

त्या वर्षी हॉलवाल्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. शहरातला एकुलता एक मोठा हॉल त्यांचा. स्टुडिओची बहुतेक लग्नं तिथेच व्हायची. हॉलवाल्यांच्या घरचंच कार्य म्हणून आत्याही सकाळपासून राबत होती. शेवटी स्टेजवर ग्रुप फोटोला पाव्हणे उभे राहिले तेव्हा हॉलवाले तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "कमरेच्या वर घ्या हं. खाली वायरींचा पसारा आहे." वायरी होत्याच. आत्याने तसं घेतलं. ग्रुप फोटोत ती एकच गोष्ट तपासायची: कोणाचे डोळे मिटलेले नाहीत ना. सगळे डोळे टक्क उघडे होते. अल्बम गेला.

काही दिवसांनी दुपारची एक बाई चाकाच्या खुर्चीतून रस्त्याने एकटीच आली आणि स्टुडिओच्या पायरीपाशी थांबली. आत यायला वाट नव्हती. तिने खालूनच काचेवर टकटक केलं. हॉलवाल्यांची थोरली मुलगी. मांडीवर तो ग्रुप फोटो.

"हा तुमचाच ना?"

"माझाच," आत्या बाहेर येत म्हणाली.

"यात मी कुठे आहे सांगा."

आत्याने चष्मा लावला. ओळीने चेहरे बघितले. मग तिची नजर खाली उतरली. फोटोच्या तळाशी, अगदी कडेला, केसांचा एक सरळ भांग होता आणि त्याच्या बाजूला एक चकचकीत क्लिप. बस, एवढंच.

"हा भांग?"

"हो. सरळ पाडलाय ना? मीच पाडला होता."

आत्या पायरीवर बसली. आयुष्यभर ती डोळे तपासत आली होती. फ्रेमच्या बाहेर राहिलेले डोळे उघडे की मिटलेले, हे कधी तपासायचा प्रश्नच आला नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "कमरेच्या वर घ्या म्हणाले, मी घेतलं. कोणाच्या कमरेच्या, ते विचारायला हवं होतं."

"परत काढता येईल?"

"लग्न परत कुठून आणू? पण रविवारी ये. काय व्हायचं राहिलंय ते ठरवून ये."

थोरलीने तिच्याकडे रोखून बघितलं. "आधीच सांगते. मला चालताना-बिलताना दाखवणार असाल तर नको. नाचताना तर मुळीच नको. खुर्ची पाहिजे."

"खुर्ची पाहिजेच," आत्या म्हणाली. "नाहीतर उडशील कशावर?"

रविवारी पायरीवर फळी टाकलेली होती. आत जमिनीवर राखाडी चादर, तिच्या खालच्या कडेला घरांच्या गच्च्या. लग्नाच्या अल्बमची रिकामी खोकी उघडून, खिडक्या कापून आत्याने त्या केल्या होत्या. एका गच्चीवर काड्यांना बांधलेली दोरीही होती आणि तिच्यावर नखाएवढे कपडे. बाबांनी कुरकुरत खुर्ची एका कुशीवर निजवली. खाली गाद्या रचून थोरलीलाही त्याच कुशीवर अलगद बसवलं. तिचे केस मागे पसरले, ओढणी टाचण्यांनी चादरीला टोचून फडफडती केली. आत्या शिडीवरून सूचना देत होती.

"हनुवटी वर. वारा समोरून येतोय."

"फॅन बंद आहे," थोरली म्हणाली.

"तुझ्या मनात लाव. आणि खाली कोण आहे बघ."

"कोण आहे?"

"लग्नाला आलेले सगळे."

थोरलीने खोक्यांच्या गच्च्यांकडे नजर टाकली. ओठाचा एक कोपरा वर गेला. आत्याने तोच क्षण धरला.

फोटोत संध्याकाळचं आभाळ होतं. गच्च्यांच्या बऱ्याच वर, मोठं चाक पुढे करून, एक बाई खुर्चीसकट शहरावरून चालली होती आणि खालच्यांना ओळख देत नव्हती. थोरलीनेच सांगितलं, "शोकेसमध्ये लावा. मधोमध." आत्याने दोन नवऱ्या उतरवल्या आणि तो लावला.

रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. दुचाकीवाले एक पाय टेकून बघायचे. मग एक दिवस हॉलवाले आले. मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती.

"तो उतरवा," ते म्हणाले.

बाबा पुढे झाले. "बसा ना काका. चहा सांगतो."

"चहा नको. ही आमच्या घरातली गोष्ट आहे. इतकी वर्षं मी तिला लोकांच्या नजरेपासून जपलं. तुम्ही तिला रस्त्यावर मांडलंत."

"ती स्वतःच आली रस्त्याने," आत्या म्हणाली. "उताराला तर जरा जोरातच आली."

"लोक बघतात हो."

"शोकेस आहे काका. तिजोरी नाही."

हॉलवाल्यांचा चेहरा कसनुसा झाला. क्षणभर ते खरंच एक दमलेला बाप दिसले. आत्याचाही आवाज उतरला. "तिला विचारा. तिने सांगितलं तर आत्ता, तुमच्यादेखत उतरवते."

"तिला काय कळतंय!"

तिथे ते चुकले. आत्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि बाबांना म्हणाली, "दादा, शोकेसची ट्यूब लाव. दिवसाही चालू राहू दे."

"मग माझ्या हॉलमध्ये तुमचा कॅमेरा येणार नाही," हॉलवाले म्हणाले आणि तो शब्द त्यांनी पाळला.

बाबा आठवडाभर धुमसत होते. "पोट गेलं! आता काढ ढेकर."

"उपाशीपोटीही ढेकर येतो," आत्या म्हणाली. "करपट येतो, पण येतो."

"तुझं काय जातंय? माझ्या मागे संसार आहे, बये."

"म्हणूनच मी तुला थांब म्हणत नाही. तू जा त्यांच्याकडे, व्हिडिओ कर. मी रागावणार नाही. फोटो मात्र उतरणार नाही."

बाबा गेले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, विचारलं की म्हणायचे, "तिची शिडी कोण धरणार?"

मग लग्नं बदलली. हॉलचं भाडं न परवडणारी, घराच्या गच्चीवर लागणारी, शाळेच्या पटांगणात होणारी, कचेरीच्या व्हरांड्यात सह्या करून मोकळी होणारी. ती दोघं बसने जायची. बाबांच्या खांद्यावर दिवे, आत्याच्या काखेत छत्री. हात आखडता घ्यावा लागला, घरात कुरबुरी झाल्या. पण या लग्नांमध्ये आत्याने एक नियम केला आणि तो कोणासाठी मोडला नाही. ग्रुप फोटोत कोणी उभं राहायचं नाही. ती स्टुलावर चढायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "सगळे खाली बसा!"

नवऱ्याचे काका अडून बसायचे, म्हणजे उभेच राहायचे. "अहो, मी एकदा बसलो की उठत नाही."

"उठवायला दोघं देते. बसा."

"सुटाला इस्त्री आहे माझ्या."

"मग सुटाला उभं करा, तुम्ही बसा."

हशा व्हायचा आणि काका बसायचे. आधी कुरकुर, मग गुडघ्यांचे आवाज, मग मांडीला मांडी. तिच्या त्या काळातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत व्याही, साहेब, आजारी, लेकुरवाळ्या, सगळ्यांची डोकी एका उंचीला आहेत. थट्टा पुष्कळ झाली. "हिच्या फोटोत वऱ्हाड आहे की संप?" असं कोणीतरी म्हणालं. आत्याला ते इतकं आवडलं की तीच सगळ्यांना सांगत सुटली.

थोरली रविवारी येत राहिली. खोकी कापण्यात तिचा हात आत्यापेक्षा बारीक होता आणि जीभ तिखट. "हे झाड आहे की झाडू?" ती विचारायची. वडिलांशी तिचं बोलणं कमी झालं होतं. ते तिला अडवत नव्हते आणि सोडायलाही येत नव्हते. शोकेसवर पश्चिमेचं ऊन यायचं; फोटोतलं आभाळ हळूहळू पांढरं पडायचं. तसं झालं की आत्या नवी प्रत करायची, आधीच्यापेक्षा मोठी. होता होता शोकेसमध्ये नवऱ्यांना जागाच उरली नाही. त्या आतल्या भिंतीवर गेल्या.

हॉलवाले थकले आणि हॉल धाकटीच्या नवऱ्याकडे आला. एका शनिवारी दुपारी तो स्वतः स्टुडिओत आला. गोड मुलगा. "झालं गेलं सोडून द्या," तो म्हणाला. "या मोसमापासून सगळी लग्नं तुम्हीच करा. सासऱ्यांनाही सांगितलंय मी. ते म्हणाले, चालेल." मग त्याने शोकेसकडे अंगठा केला. "फक्त तेवढा तो आता उतरवू या. जुनाही झालाय ना."

आत्या कॅमेऱ्याची लेन्स पुसत होती. तिने तोंड उघडण्याआधीच बाबा उठले. शोकेसचं दार सरकवलं, फोटो खिळ्यावरून काढला, हातात धरून उजेडाकडे केला. जावई हसला.

"बरोबर आहे तुमचं," बाबा म्हणाले. "फिका पडलाय. सोमवारी मोठा करून लावतो."

जावयाला समजायला थोडा वेळ लागला. तो गेल्यावर आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "दादा, पोटाचं काय?" ती विचारत होती, आणि बाबा चिडून म्हणत होते, "गप बस, लेन्स पूस." एवढ्यात दुसऱ्या दिवसाच्या तयारीचं बघायला थोरली आली, तिला ही हकिगत दोघांनी एकाच वेळी सांगितली, त्यामुळे ती तिला तिसऱ्या खेपेला कळली. ऐकून ती म्हणाली, "आता मला पाण्याखाली जायचंय. खुर्चीसकट."

त्या रविवारी सकाळी आत्या उठली नाही. झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी बाबा शटरला कुलूप लावत होते तेव्हा ती बाजूला पिशवी घेऊन उभी होती, आणि म्हणाली होती, "येताना टाचण्यांची डबी आण. आणि ते निळं कापड इस्त्री करू नकोस हं, समुद्र आहे तो."