मोठे बुडबुडे येईपर्यंत

दुष्काळात आमच्या दूध संघानं दिंद्रुडजवळ जनावरांची छावणी उघडली होती. तिथं माझ्या म्हशींशेजारी एका बाईची बैलजोडी बांधलेली असायची. नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे तिला मावशी म्हणत. "थांब गं, थांब," हे तिचं पालुपद. तिच्या संथपणाचा मला रागच यायचा. जोडीतला एक बैल छावणीतच मेला, पण त्याचा खुंटा तिनं उपटला नाही. रोज सकाळी ती त्या रिकाम्या खुंट्याभोवती झाडायची.

टँकरच्या पाण्यानं माझ्या लेकीला जुलाब लागले. जळण थोडं, म्हणून आम्ही सगळ्याजणी प्यायचं पाणी उकळताना बुडबुडे दिसले की लगेच पातेलं उतरवायचो. त्या दिवशी मावशीनं माझा हात धरला.

"थांब गं, थांब. ही पाण्यात मुरलेली हवा हाय, ती नुसती भायेर निघालीय. बुडातून वाफेचे मोठाले बुडबुडे उसळले, की मग पाणी उकळलं म्हणायचं."

"पण मावशी, गवऱ्या संपल्या."

ती उठली. तो खुंटा हलवून हलवून उपटला, माती झटकली आणि चुलीत सारला. हळूहळू पाणी तळापासून उसळायला लागलं.

लेक सावरली. मी हात जोडायला गेले, तेव्हा मावशी झाडत होती, खुंट्याच्या जागी उरलेल्या खळग्याभोवती. मान वर न करता तिनं विचारलं,

"आज पाणी नीट उकळलंस न्हवं?"