शैलजाताईंचा वर्ग बघायला जाल तेव्हा

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या वर्गाच्या दारात झाली. पंचवटीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्या माँटेसरी पद्धतीचा बालवर्ग चालवतात. मी मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेलो होतो. शर्वरी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरात ती भरपूर बोलायची, पण परके माणूस समोर आले की तिचे तोंड मिटायचे. त्याआधी एका मोठ्या शाळेत तिने मुलाखतीत स्वतःचे नावही सांगितले नाही आणि आम्हाला परत यावे लागले. त्यामुळे मी आधीच धास्तावलेलो होतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत, मखमलाबादला आमची फुलशेती. शाळेतल्या माणसांशी काय आणि कसे बोलायचे, ते वाटेत घोकत आलो होतो.

"एबीसीडी कधीपासून शिकवता?" मी विचारले.

"सांगते. आधी तासभर बसून बघा," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे बघू नका, भिंतीवरच्या चित्रांकडेही नको. मुलांच्या हातांकडे बघा." कोपऱ्यातली एक बुटकी खुर्ची दाखवून त्या आत निघून गेल्या.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मुलासाठी शाळा शोधणारे आईवडीलही तो वाचतील, म्हणून त्या तासाभरात मी काय पाहिले ते लिहितो. ताईंची थोरवी सांगण्याचा मला जमणारा मार्ग एवढाच आहे.

सगळे सामान मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर होते आणि प्रत्येक वस्तू एकेकच होती. एका मुलीला हवे असलेले ठोकळे दुसऱ्याने घेतले होते, तर ती शेजारी उभी राहून वाट पाहत होती. छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना एका मुलाच्या हातून ते सांडले. मी अर्धवट उठलोच. पण कुणी ओरडले नाही. तो स्वतः जाऊन फडके घेऊन आला, फरशी पुसली आणि कोरडी झालेली जागा पुन्हा एकदा पुसली. ताई कुठे आहेत हे मला बराच वेळ कळले नाही. त्या जमिनीवर एका चटईशेजारी बसून एका मुलाशी हळू आवाजात बोलत होत्या. त्या तासात त्यांनी खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला एकदाही हाक मारली नाही. एक मुलगा काहीच न करता इतरांचे काम बघत फिरत होता. "तोही कामातच आहे," ताई नंतर म्हणाल्या, आणि माझ्या छातीवरचे ओझे थोडे हलके झाले.

"मी आत आलो तर एकाही मुलाने वर बघितलं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे आज वर्ग बरा चाललाय," त्या हसल्या. "मुलं शांत आहेत एवढंच बघू नका. धाकानंही शांत बसतात. कामात गुंगून शांत आहेत का, ते बघायचं."

शर्वरीला प्रवेश मिळाला. पण जून गेला, पावसाळा सरला, तरी तिने वर्गात एक शब्द काढला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फुलबाजारात बसतात. त्यांचा संयम संपला. "दिवाळी आली तरी पोरगी बोलंना. शाळा हाय का मौनव्रत? सुट्टीनंतर तिला दुसरीकडं घालायची." मलाही भीती वाटू लागली होती की आपण मुलीचे वर्ष वाया घालवले. आबांचे म्हणणे मी ताईंना सांगितले. त्यांना राग आला नाही. "आबांना पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यांनीही बघावं. मग ठरवा."

आबा माझ्याबरोबर आले. खुर्ची बघून म्हणाले, "हिच्यात बसलो तर काढायला क्रेन लागंल."

"मग खाली चटईवर बसा. मीही तिथंच बसते," ताई म्हणाल्या.

आबा मांडी घालून बसले. थोड्या वेळाने माझ्या कानाशी पुटपुटले, "एवढी शांतता बाजारात असती तर भाव तरी नीट ऐकू आला असता."

त्यांच्या समोरच शर्वरी बटणांची चौकट घेऊन बसली होती. लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी कापड आणि मधे मोठी बटणे, असे ते साधन असते. तिसऱ्या बटणाशी ती अडली. पुन्हा पुन्हा बटण काजातून निसटत होते. आबांना राहवेना. फुलांच्या जुड्या बांधून सरावलेली त्यांची बोटे पुढे झाली आणि बघता बघता सगळी बटणे लावून मोकळी झाली.

शर्वरीने चौकटीकडे पाहिले. मग एकेक करून सगळी बटणे काढली, कापड नीट पसरले आणि मोठ्याने म्हणाली, "तुझं झालं ना आबा? आता मी करते."

सगळ्या वर्गाला ऐकू गेले. मी ताईंकडे पाहिले. त्या फळीवर तांब्या ठेवत होत्या. त्यांचा हात क्षणभर हवेतच थांबला. मग त्यांनी तांब्या जागेवर ठेवला आणि दुसरा उचलला. वळूनसुद्धा पाहिले नाही.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "बाई, पोरगी बोलली! ऐकलं का नाय?"

"ऐकलं."

"मंग शाबासकी तरी द्यायची!"

"आबा, तिला बटण लावायचं होतं. मी टाळ्या वाजवल्या असत्या तर बटण राहिलं असतं, आणि उद्या ती माझ्या टाळ्यांसाठी बोलली असती." हे सांगताना त्यांचे डोळे मात्र भरले होते.

घरी जाताना आबा गाडीवर मागे बसले होते. वाटेत म्हणाले, "राहू दे तिला हितंच. आन घरी तिला चपला घालून देतोस ते बंद कर."

"तुम्हीच घालून देता, आबा."

"मंग दोघं बी बंद करू."

दुसऱ्या दिवशी शर्वरी पुन्हा गप्पच होती. पुढे ती आधी शेजारच्या मुलीशी बोलू लागली, मग मदतनीस मावशींशी, आणि ताईंशी सगळ्यांत शेवटी. याचे ताईंना कधी वाईट वाटल्याचे मी पाहिले नाही. शर्वरी आता पहिलीत आहे आणि घरात दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

हल्ली वर्ग बघायला नवे पालक आले की ताई मला बोलावून घेतात. "तुम्हाला वाटत होती तीच भीती त्यांना आहे. तुम्ही समजावा," म्हणतात. नुसती लाकडी साधने मांडली की वर्ग होत नाही, असे त्या नेहमी बजावतात. म्हणून मी पालकांना आणखी एक गोष्ट पाहायला सांगतो. मुलाला एखादे काम जमले की ते पहिल्यांदा कुणाकडे बघते? बाईंकडे, की आपल्या कामाकडे?

ताईंना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. जमिनीवरून उठताना त्या भिंतीचा आधार घेतात, पण बसायच्या थांबलेल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, प्रकृती ठणठणीत राहो आणि आयुष्य भरपूर लाभो. येत्या जूनमध्येही एखादे न बोलणारे मूल कुणाचे तरी बोट घट्ट धरून त्या दारात येईल. त्याला बोलते करण्याची घाई नसलेले माणूस तेव्हा आत असायला हवे.