सात फुलं

लेकीच्या बाळंतपणाला स्वीडनला आले, त्याला दीड महिना झाला. इथे जूनमध्ये अंधार म्हणून पडत नाही. दुपटी धुवा, खीर करा, बाळाला मांडीवर घ्या, दिवस आपला मावळायचं नाव घेत नाही. अंग नुसतं आंबून गेलंय.

काल त्यांचा मिडसमरचा सण होता. सगळं गाव फुलांनी मढवलेल्या खांबाभोवती नाचत होतं आणि मी कुंपणाशी दुपटी वाळत घालत होते. शेजारच्या ऐंशीच्या आजी रस्त्याकडेची रानफुलं वेचत आल्या. मी "हॅलो" म्हटलं, तर बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेल्या. मला रागच आला.

"अगं आई, आज एक शब्द न बोलता सात प्रकारची फुलं वेचायची आणि उशाखाली ठेवून झोपायचं," लेक खिडकीतून म्हणाली. "ज्याच्याशी लग्न व्हायचं, तो स्वप्नात येतो."

"या वयात?"

"त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले."

आमच्याकडे याच दिवसांत बायका वडाला सूत गुंडाळून सात जन्म मागतात. हे गेल्यापासून मी वडाकडे फिरकले नाही. येऊ नको असं कुणी म्हटलं नाही, पण चल असंही कुणी म्हटलं नाही. आजींना मात्र कुणाच्या बोलावण्याची गरज पडली नव्हती.

बादली तशीच ठेवून मी कुंपणाबाहेर वाकले. पाठ ठणकत होती.

"आई, काय करतेस गं तिथे?" लेकीनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. हातात अजून चारच फुलं होती.