दाभण टोचल्यापासून

माझ्या नवऱ्याला एचआयव्ही नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे, की आता त्याचा अर्थ मलाच ऐकू येत नाही. भाकरी थापताना बोलले, शहाद्याच्या एसटीत दांडीला धरून उभी असताना बोलले, सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून मोरीतला नळ सोडून बोलले.

नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे मोकळी जमीन. ओली लाल मिरची विकत घ्यायची, तिथं पसरून वाळवायची, देठं खुडून घ्यायची आणि पोत्यांत भरून पाठवायची. हंगामात सातपुड्यातली कुटुंबं कामाला येतात आणि पथारीच्या कडेलाच पालं ठोकून राहतात. तो सगळा कारभार ह्यांच्याकडे. मी शाळेत मराठी शिकवते, सुट्टीच्या दिवशी तेवढी पथारीवर जाते.

त्या दिवशी ट्रक येऊन उभा होता आणि पोती शिवायला माणसं कमी पडली, म्हणून हेसुद्धा दाभण घेऊन बसले. दाभण एका मजुराच्या हातून घेतलेलं. घाईत ते ह्यांच्या तळहातात घुसलं. रक्ताचा ठिपका आला, ह्यांनी तो पॅंटला पुसला आणि पोतं शिवून टाकलं. ट्रक गेल्यावर ह्यांना आठवलं, की त्या मजुराच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. माणूस अंगानं वाळलेला, मधूनमधून खोकणारा. मिरचीच्या खकाण्यात तिथं सगळेच खोकतात, मीही खोकते. पण त्या संध्याकाळपासून ह्यांच्या डोक्यात तो आजारी ठरला.

घरी येऊन ह्यांनी मला विचारलं. आम्ही घरात अहिराणीच बोलतो. "मले काही व्हई तं नही ना?" म्हणजे, मला काही होणार तर नाही ना?

मी हसले. शाळेत एड्सची माहिती द्यायचा तास दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. हात लावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही, हे नववीच्या पोरांना एका तासात कळतं. तेच मी ह्यांना सांगितलं. ह्यांचं समाधान झालं. ते जेवण होईपर्यंत टिकलं.

पुढच्या आठवड्यात गावातल्या लॅबमध्ये तपासणी करून आले. काही नव्हतं. मला वाटलं, सुटलो. पण मोबाइलवर ह्यांनी वाचलं, की लागण झाल्यावर काही काळ तपासणीत दिसत नाही. मग थांबून परत तपासणी. मग ओळखीचं कुणी पाहू नये म्हणून धुळ्याला जाऊन तिसरी. प्रत्येक वेळी हातात कागद पडला, की त्या दिवशी हे गाणं गुणगुणत घरी यायचे, आणि दोन दिवसांत काहीतरी नवं निघायचं. लॅबवाल्यानं सुई नवी वापरली होती का? म्हणजे तपासणीनंच लागण झाली नसेल ना?

आणि भीती दाभणापाशी थांबली नाही. रसवंतीचा ग्लास नको, त्याला कुणाचे तरी फुटलेले ओठ लागले असतील. रिक्षाच्या सीटवर डाग दिसला, की उतरून चालत निघायचं. दाढी करायला न्हाव्याकडे जाणं बंदच झालं. आमच्या धंद्यात तर जिकडंतिकडं लाल. पोत्यांवर, चपलांवर, मजुरांच्या बोटांवर, नोटांवर मिरचीचा रंग. ह्यांना तो रंग वाटेनासा झाला. हे वाकून वाकून बघायचे, वास घ्यायचे, शिंकायचे आणि तरी खात्री पटायची नाही.

घरात ह्यांनी स्वतःचा टॉवेल वेगळा केला, मग ताट वेगळं केलं. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिची नखं हेच कापायचे, ते बंद केलं. एकदा ती मागून येऊन गळ्यात पडली, तेव्हा ह्यांनी तिला एवढ्या जोरात दूर केलं, की ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय सांगायचं? बाबांना जो आजार नाही, त्याची भीती वाटते, असं?

माझी चिडचिड व्हायची. ह्यांची कीव यायची खरी, पण ती सकाळपुरती. दिवसभर शाळेत बोलून आल्यावर तोच प्रश्न, तीच नजर. उत्तर दिलं तर "नक्की ना?" आणि नाही दिलं, तर "म्हणजे तुलेबी शंका शे." मी मऊ बोलले, ओरडले, देवाची शपथ घेतली. एकदा वैतागून त्यांच्याच ताटातला घास काढून खाल्ला. त्यावर ह्यांनी आता तुझीही तपासणी करायची का, असं विचारलं.

मला सगळ्यांत जास्त राग ज्या गोष्टीचा आला, ती मला उशिरा कळली.

एका रविवारी मी पथारीवर गेले, तर त्या मजुराच्या पालाबाहेर सामानाची बोचकी बांधलेली. हंगाम अजून भरात होता. त्याची बायको चुलीची भांडी पोत्यात भरत होती. मी विचारलं, काय झालं. डोंगरातली माणसं लहानथोरांना सारखंच अरेतुरे करतात. ती सरळ म्हणाली, "तुझा माणूस माझ्या माणसाला रोज विचारतो, तुला काय रोग आहे. दवाखान्यात चल म्हणतो. त्याला काही नाही. आता आमच्याच लोकांनी त्याचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला."

माझी मान खाली गेली. मी तिला म्हटलं, दोष तुझ्या माणसाचा नाही, माझ्या माणसाच्या डोक्यात भीती बसली आहे. तिनं ऐकून घेतलं आणि भांडी भरत राहिली. दुपारी ती दोघं दुसऱ्या पथारीवर निघून गेली.

घरी आल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. एका धडधाकट माणसाला त्याच्याच भाऊबंदांत वाळीत टाकायची वेळ तुम्ही आणली, म्हटलं. ह्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता तरी लागलं. मग हे हळूच म्हणाले, "त्यानी तपासणी कयी ऱ्हाती तं समदं मिटी जातं." त्यानं तपासणी केली असती, तर सगळं मिटलं असतं. मी उठून अंगणात जाऊन उभी राहिले. त्या क्षणी मला ह्या माणसाबरोबर एका घरात राहायचं नव्हतं.

त्यानंतर मी ह्यांना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना भेटले. बाईंनी ह्यांचं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, तुमची तपासणी आता मी करणार नाही, केली तर तुमचं नुकसान होईल. त्यांनी आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे तयार नव्हते. मी वेडा नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नाही, पण मी होईन.

डॉक्टर वयानं लहान होते. त्यांनी सांगितलं, याला मंत्रचळ म्हणतात. कुणाला कडी लावली की नाही याचा असतो, कुणाला हात धुण्याचा, ह्यांना ह्या रोगाचा. गोळ्या दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांनी विचारलं की तुम्ही उत्तर द्यायचं नाही. एकदाही नाही. तुमच्या उत्तरानं ह्यांना घटकाभर बरं वाटतं आणि मग परत विचारावंसं वाटतं."

मला रडूच आलं. एवढे दिवस मी जे औषध म्हणून देत होते, ते बंद करायचं होतं. आणि मनातून थोडं बरंही वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

उत्तर न देणं उत्तर देण्यापेक्षा अवघड निघालं. हे मागेमागे फिरायचे, एका शब्दानं सांग म्हणायचे. मी ठरलेलं वाक्य म्हणायचे, "ह्याचं उत्तर मी देणार नाही." एकदा ह्यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. सासूबाई बाहेर येऊन मलाच बोलल्या, नवरा एवढं काकुळतीनं विचारतोय आणि ही बया तोंड उघडत नाही. त्यांना काय आणि कसं सांगणार? मी फरशी पुसली. काही वेळानं हे येऊन गुपचूप जेवले. प्रश्न विचारल्याशिवाय जेवलेलं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं जेवण होतं.

हळूहळू फरक पडला. टॉवेल परत दोरीवर एकत्र आले. त्या मजुराला भेटायला मी ह्यांना पाठवलं, तिथल्या सगळ्यांसमोर चूक कबूल करा म्हटलं. हे गेले, बोलले. तो मान हलवून कामाला लागला, एवढंच परत येऊन सांगितलं. पुढच्या हंगामात तो आमच्याकडे आला नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

गोळ्या चालू आहेत. हे बरे आहेत, असं मी लोकांना सांगते.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत लस टोचायला पथक आलं होतं. आम्ही तिला घेऊन परत निघालो. स्कूटर चालू करताना ह्यांनी विचारलं, "सुई नवी व्हती ना?"

कुठलाही बाप विचारेल असा प्रश्न. की हा तोच? मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. ह्या माणसानं कधी साधं काही विचारलं, तरी मला आता ते साधं ऐकता येत नाही, ह्याचा मला भयंकर राग आला.

आमच्या दोघांच्या मधे बसलेली मुलगी म्हणाली, "हो, नवी होती. माझ्यासमोर पाकीट फोडलं."

ह्यांनी परत विचारलं नाही. स्कूटर निघाली.