गच्चीवरची तांबडी रेघ

मीरा आणि ओजस, शालूआजी गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं. मला ते हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. मी तिच्यासाठी घरून मऊ भात घेऊन वर चढत होते आणि तुमचे आजोबा खाली उतरत होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली... त्याला आता पाच आठवडे झाले. रडणं वगैरे जे व्हायचं ते झालं. पण तिसऱ्या दिवशी दूध आणायला खाली उतरले, तर चौकात तिचा भलामोठा फलक. त्यावर हात जोडून उभे असलेले आपल्या भागातले पुढारी, भाऊ, तिच्या फोटोहून मोठे, आणि तिच्या फोटोखाली लिहिलेलं, ‘पनवेलची महान धावपटू’. ते वाचून मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. किळस आली. शालन आयुष्यात एकही शर्यत धावली नाही. ती चालायची. हा फरक ज्या माणसाला सगळ्यात चांगला ठाऊक आहे, त्यानेच तो फलक लावला होता, म्हणून हे लिहायला बसले. क्रमाने सांगते.

शालन माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. कारण विचारलेलं तिला आवडत नसे, म्हणून मीही इथे सांगत नाही. नव्वदच्या आसपास आम्ही दादरहून नवीन पनवेलला राहायला आलो, तेव्हा ती आमच्याबरोबर आली आणि इथल्या एका शाळेत गणित शिकवू लागली. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात तिने चालण्याची शर्यत पहिल्यांदा पाहिली आणि घरी येऊन ती मला स्वयंपाकघरात करून दाखवली. मुख्य नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय, अंग त्याच्यावर येईपर्यंत, गुडघ्यात सरळ हवा. असं जोरात चालू लागलं की कंबर हलते. कोणी ती हलवत नाही, ती हलते... पण हे कोणाकोणाला समजावणार?

ती पहाटे नेरे गावाच्या रस्त्याला जायची. रविवारी मोपेडवरून मीही मागे असायचे, पुढच्या टोपलीत लिंबाचं सरबत. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पनवेलकडे येणारी एक म्हातारी आम्हाला वाटेत भेटायची. पहिल्या दिवशी ती थांबलीच.

“बाय, कोन मागं लागलाय काय गो?”

“नाही हो मावशी, पुढच्याला गाठायचंय.”

म्हातारीने पाटी सांभाळत वळून रस्ता न्याहाळला. “पुढं तं कोनीच नाय.”

त्यानंतर ती म्हातारी शालन दिसली की लांबूनच सांगायची, “तुजा तो पुढचा आताच गेला गो, पल्ला गाठ.” त्या सगळ्या वर्षांत शालनच्या चालण्यावर झालेला स्वच्छ विनोद तेवढा एकच. बाकीचं लिहितानाही तोंड कडू होतं. चहाच्या टपरीवरची माणसं शिट्ट्या मारायची. आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त गृहस्थ, रोज कपाळाला गंध लावणारे, तिच्या मागून कंबर हलवत चालून दाखवायचे आणि बायका खिडकीतून हसायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या सुनेने भर दिवाणखान्यात तीच नक्कल केली, शालन समोर बसलेली असताना. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. “वहिनी, तुमच्या नणंदेला जरा सांगा. इथे फॅमिलीवाले लोक राहतात.” मग ती कोण आहे, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी चपला घातल्या.

शालनने बिल्डिंगभोवती चालणं बंद केलं आणि गच्ची धरली. या चालण्यात पावलं जवळजवळ एका रेघेत पडावी लागतात. तिने सुतळी ताणली आणि खिडकीच्या ग्रिलचा उरलेला तांबडा ऑइलपेंट घेऊन कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ रेघ ओढली. रंग ओला असताना तुमचे आजोबा बादली घेऊन त्यावरून गेले, तर ती भावावर अशी कडाडली की पुन्हा त्या रेघेवर पाय द्यायची कोणाची छाती झाली नाही. शाळेतून आली की चहासुद्धा न घेता वर. उन्हाने गच्ची तापलेली असायची. खाली माझ्या डोक्यावर तिच्या टाचा ऐकू यायच्या, एकसारख्या, न चुकणाऱ्या.

तिला राज्य पातळीवर जायचं होतं. तिच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून दोघींना पाठवणार होते आणि निवड स्पर्धा भाऊंच्या मंडळाने कळंबोलीत भरवली होती. भाऊ तेव्हा तरुण होते, सफारी घालायचे. लोखंडाच्या बाजाराजवळच्या रुंद रस्त्यावर फेऱ्या मारायच्या होत्या. मंडपासमोर पंच खुर्च्यांवर बसून बटाटेवडे खात होते. पलीकडची बाजू उभ्या ट्रकच्या रांगेमागे गेलेली, तिथे एकही पंच नव्हता. मी सरबत घेऊन नेमकी तिथेच उभी होते, म्हणून सगळं पाहिलं. मंडपासमोरून पोरी गुडघे ताठ करून जायच्या आणि ट्रकांआड आल्या की चक्क पळायच्या. हसत पळायच्या. शालन एकटी चालत होती. मंडपासमोर पुढे, ट्रकांआड गेली की मागे, असं फेरीमागून फेरी. शेवटच्या फेरीला मंडळाचा एक बिल्लेवाला कार्यकर्ता तिला म्हणाला, “ताई, पळा की. इथं कोण बघतंय?” तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पाय मात्र, गच्चीवर असायचे तसेच, रेघेत.

ती तिसरी आली. पहिली आलेली भाऊंची पुतणी. मी तडक भाऊंकडे गेले आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर मला खुर्ची दिली. “वहिनी, तुम्ही बघितलंत, खरं आहे. पण तुम्ही पंच नाही. पंचांनी बघितलं नाही म्हणजे ते झालं नाही.” मग बक्षीस समारंभात त्यांनीच शालनला स्टीलचा डबा दिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं भाऊंचं नाव. तिचं नव्हतं. परतताना रिक्षात मी नुसती धुमसत होते. शालन पायांतले बूट काढून बसली होती. तळवे चोळत म्हणाली, “वहिनी, पळायचंच असतं तर मी चालायला कशाला शिकले असते?” एवढंच. घरी आल्यावर तो डबा तिने वर नेला आणि कपड्यांचे चिमटे त्यात टाकले. पुढे निवडलेल्या दोघींनाही राज्य स्पर्धेत पळाल्याबद्दल पंचांनी अर्ध्यातून बाहेर काढल्याचं कानावर आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिची जागा फुकट गेली होती.

आता ऐका. शोकसभेत हेच भाऊ व्यासपीठावर रुमालाने डोळे टिपत होते. ‘वाऱ्याच्या वेगाने धावणारी आपली ताई’, असं दोनदा म्हणाले. कंबर हलवून दाखवणारी ती सूनबाई, आता पांढऱ्या केसांची, माझ्या शेजारी बसून हुंदके देत होती. मी खुर्ची जरा सरकवून घेतली. गेल्या आठवड्यात भाऊ घरी आले. सोबत फोटो काढणारा होता. ताईंच्या नावाने दौड घेतोय, झेंडा तुम्हीच दाखवायचा, आणि त्यांचं एखादं बक्षीस द्या, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवतो, असं त्यांचं म्हणणं.

“तिच्या नावाने चालण्याची शर्यत घ्या,” मी म्हटलं. “आणि मागच्या बाजूलाही पंच उभे करा.”

ते हसले. “वहिनी, चालायला कोण येणार? लोकांना पळायला आवडतं.”

“हो, ते मी पाहिलंय.”

भाऊंनी उरलेला चहा संपवला. मग पुन्हा बक्षिसाचं विचारलं. एकच बक्षीस आहे आणि ते वापरात आहे, असं सांगून मी त्यांना दारापर्यंत पोचवलं.

तो डबा अजून गच्चीवर आहे, टाकीपाशी, रेघ संपते तिथे. काठाला गंज धरलाय, चिमटे मात्र कोरडे राहतात. रेघ बरीच पुसट झाली आहे, तरी ऊन तिरकं आलं की दिसते. काल मी कपडे वाळत घालायला वर गेले, तुमचे आजोबा बादली घेऊन पुढे होते. त्यांचे गुडघे आता फार दुखतात. रेघेपाशी ते थांबले, बादली या हातातून त्या हातात घेतली... आणि कठड्याचा आधार घेत, लांब पाऊल टाकून, ती ओलांडून पलीकडे गेले.